लाल, निळा

तावेत माझ्या डोक्यावर पोहण्याची टोपी चढवतो,
तिच्यावर पेन्सिलीने एक फुली मारतो
आणि म्हणतो, आता हनुवटी इथे टेकवा.

खिडकीबाहेर तार्तू. मार्च.
नदीवरचा बर्फ कडेने सुटू लागलाय,
शिळ्या दुधावरच्या सायीसारखा.

सोपं आहे, तो म्हणतो. पडद्यावर चकती येईल,
लाल नाहीतर निळी. तुम्ही रंग सांगायचा.
खरा सांगा, खोटा सांगा, तुमची मर्जी.
फक्त आधीपासून ठरवून ठेवू नका.

मग ते तांब्याच्या तारेचं वेटोळं कपाळाशी धरतो.
परवा डावीकडे होतं, आज उजवीकडे.
कुठल्या बाजूने माणूस खऱ्याकडे झुकतं
ते मला सांगायचं नाही, असा नियम आहे.

टक्.
पापणी आपोआप लवते,
गालातला एक स्नायू गळाला लागल्यासारखा उसळतो.
निळा, मी म्हणते. चकती लाल होती.
टक्. लाल. लालच होती.
टक्.

असं एकशे साठ वेळा.
चाळिसाव्या खेपेनंतर खोटं खोटंही राहत नाही,
खिशातली चिल्लर होते, हाताला लागेल ती काढून द्यायची.
आणि तिशीचा पोरगा, पायांत आईने विणलेले मोजे,
मोजत बसलाय मी किती वेळा फिरले.

मी जन्मभर वाचनालयात कार्डं लिहिली.
एका पुस्तकाचं एक कार्ड, एका कार्डाची एक जागा.
खोटं बोलायची गरज अशी पडलीच नाही.
एकदाच पडली होती,
तेव्हा मी पाच वर्षांची होते.

तेव्हाही मार्चच. पहाट.
अंगणात ट्रक, दोन कंदील,
आणि आई म्हणत होती, शेजारचे? कुणास ठाऊक,
कालपासून दिसले नाहीत.
डोळ्याला डोळा देऊन म्हणत होती,
तिच्या गालात काही हललं नाही.

शिपाई दमलेला होता.
तो माझ्यासमोर उकिडवा बसला, माझ्याएवढा झाला,
खिशातून साखरेचा खडा काढला,
हातातल्या कागदावरचं एक नाव अडखळत वाचलं:
साल्मे. तुझी मैत्रीण ना? कुठे आहे ती?

आणि मी,
खोटं बोललं की जिभेला फोड येतो
हे जिला आईनेच शिकवलं होतं,
मी परसातल्या न्हाणघराकडे बोट केलं.

साखर गोड होती. तेही खरंच सांगते.

आई मला कधी काही बोलली नाही.
ट्रक गेला तेव्हा नाही, पुढच्या एकाही हिवाळ्यात नाही.
एकदा फक्त चहात साखर घालताना
चमचा तसाच हवेत धरून राहिली,
आणि चहा निवला.

टक्. निळा.
टक्. मला आठवत नाही मी काय म्हणाले.

मधल्या सुटीत मी विचारते, तावेत,
माणूस कशाने चांगला होतो
तेही बघता का तुम्ही, की नुसतंच खरं?
तो हसतो, ओशाळून.
ते पुढच्या प्रयोगात. त्याचे पैसे अजून मंजूर व्हायचेत.

दुसरं मला विचारायचं होतं ते विचारत नाही:
हे वेटोळं मागे किती लांब पोचतं?
त्या पोरीच्या केसांखाली, पहाटे,
एकच टक्,
बोट वर उचललं जायच्या आत?

टोपी निघते. कपाळावर तिची शिवण उमटलेली.
तावेत कुपनाचं पाकीट देतो,
टेबलावरची चॉकलेटची वाटी पुढे सरकवतो.
मी नको म्हणते, तर तो दोन उचलून माझ्या कोटाच्या खिशात टाकतो.

मग शेवटचा कागद.
डोकं दुखतंय? चक्कर? मळमळ?
तोही दमलाय, डोळे लाल झालेत.
हो म्हटलं तर आजचे सगळे आकडे त्याला टाकून द्यावे लागतील.
माझ्या उजव्या भुवईच्या वर कुणीतरी खिळा ठोकतंय.

नाही, मी म्हणते. काही नाही.
डोळ्याला डोळा देऊन.
तो खूण करतो, बरोबरची.